चेन की बेल्ट ते नंतर, आधी लाल दोरी ओढ

अगं, चेनचा घेऊ की बेल्टचा असं विचारून तू गराजच्या दाराच्या तीन ओपनरचे फोटो पाठवलेस, ते मी नीट बघितले. त्यांच्याबद्दल बोलूच. पण त्यांतला एकही घरी आणायच्या आधी एक काम करायचं आहे, आणि ते दुकानात नाही, तुझ्या गराजमध्येच आहे.

आज संध्याकाळी दोघं घरी असताना गराजमध्ये जा. दार पूर्ण बंद आहे ना, हे आधी बघ. उघड्या दारावर हे अजिबात करायचं नाही. छताला टांगलेल्या मोटरपासून दारापर्यंत एक लोखंडी पट्टी जाते. तिच्यावरून लाल मुठीची दोरी लोंबत असेल. ती खाली ओढ. खट् आवाज होईल आणि दार मोटरपासून सुटं होईल. आता हँडल धरून दार हाताने वर उचल. कमरेपर्यंत आलं की हात सैल कर, पण जवळच ठेव. दार तिथेच थांबलं तर स्प्रिंगा ठीक आहेत. खाली घसरायला लागलं, स्वतःहून वर निघालं, किंवा मुळात उचलायलाच जड गेलं, तर सावकाश खाली सोड आणि ओपनरच्या आधी स्प्रिंगचं काम करणाऱ्याला बोलव.

एवढ्या आग्रहाने सांगते आहे त्याला कारण आहे. ओपनर दार उचलतो असं आपल्याला वाटतं, पण तो उचलत नाही. तुझं दोन गाड्यांचं, १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच स्टीलचं दार दीडशे-दोनशे पौंडांच्या घरात असणार, म्हणजे सत्तर ते नव्वद किलो. आत इन्सुलेशन असेल तर आणखी जड. हे सगळं वजन दाराच्या वरच्या दांड्यावरची पिळलेली स्प्रिंग तोलून धरते. आजोळच्या विहिरीवरचा तो लांब वासा आठवतो ना, मागच्या टोकाला दगड बांधलेला? भरलेली बादली दगड वर आणायचा, आजी नुसता हात लावायची. ओपनरचं काम आजीच्या हाताएवढंच. स्प्रिंग ढिली पडली की सगळं ओझं मोटरवर येतं, आणि मग ओपनर कितीही महाग असो, आतला गिअर झिजून तो वेळेआधी बंद पडतो. लोक ओपनर बदलतात, पुन्हा तेच होतं, पुन्हा बदलतात. दुखणं दाराचं आणि औषध मोटरला, असा तो प्रकार.

साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं धरतात. दार एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण तुमच्या दोन गाड्या एकाच दारातून जातात. ऑफिस, डे-केअर, किराणा, रविवारी मंडळाचा कार्यक्रम, शिवाय कचऱ्याचा डबा बाहेर काढायला उघडलेलं दार वेगळंच. दिवसाला सहा फेऱ्या धरल्या तरी साडेचार वर्षांत दहा हजार भरतात. म्हणून स्प्रिंग बदलायची वेळ आलीच तर पंचवीस हजार फेऱ्यांची आहे का विचार. मजुरी तीच पडते, स्प्रिंगचे थोडे पैसे जास्त जातात आणि पुन्हा बरीच वर्षं बघावं लागत नाही. दोन असतील तर दोन्ही एकदम बदल. एक तुटली म्हणजे दुसरीचंही वय तेवढंच झालेलं असतं.

आणि हे दटावून सांगते: स्प्रिंगला घरच्या कोणी हात लावायचा नाही. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, जावईबापूंचे हातही कुशल आहेत, सगळं मान्य. तरी नाही. त्या पिळात इतका ताण असतो की सैल करताना दांडी हातातून निसटली तर हाड मोडतं, कधी त्याहून वाईट होतं. ओपनर बसवायचा असेल तर खुशाल बसवू देत, स्प्रिंग मात्र नको. तुझ्या दाराला वरच्या दांड्याऐवजी दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांलगत लांब स्प्रिंगा असतील, तर प्रत्येकीच्या आतून एक तार ओवलेली आहे का तेवढं बघ. स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे ती तार धरून ठेवते, नाहीतर ते गोळीसारखे सुटतात.

आता जुन्या ओपनरकडे ये. घर १९८९ सालचं आणि ओपनर बहुधा तेव्हाचाच, असं तुझ्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये लिहिलंय. घर विकणारे म्हणाले, अजून छान चालतो. चालत असेलही. तरी तू तो बदलावास असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचा आवाजाशी किंवा ॲपशी काही संबंध नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या दारांखाली सापडून लहान मुलं दगावली. दाराखाली कोणी आहे हे यंत्राला भरवशाने कळायचं नाही. १९९० साली त्यावर कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला अडथळा ओळखून दार परत वर न्यायची सोय असणं सक्तीचं झालं. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत जे छोटे दिवेवाले डोळे दिसतात, ते त्या कायद्यामुळे आले. तुझ्या गराजच्या फोटोत मला ते कुठे दिसले नाहीत. म्हणजे तुझा ओपनर त्या आधीचा आहे. घरात दोन वर्षांचं मूल आहे, ते दुडूदुडू पळत गाडीकडे येतं, आणि दार खाली येताना मजा म्हणून त्याच्याखालून पळायचं हा खेळ तर प्रत्येक मुलाला सुचतो. नवा ओपनर येईपर्यंत या जुन्याचा प्लग काढून ठेव आणि दार हातानेच उघड-बंद कर. स्प्रिंग ठीक असेल तर तुला एका हाताने जमेल. थोडे दिवस कंटाळा येईल, येऊ दे.

नवीन ओपनर बसवायला माणूस येईल तेव्हा त्या दोन डोळ्यांकडे तू स्वतः लक्ष दे. ते जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर असता कामा नयेत. काही जण समोरची खोकी, सायकली आड येतात म्हणून ते वर लावतात, कधी तर दोन्ही डोळे छतालाच समोरासमोर चिकटवून टाकतात, म्हणजे कटकट नको. असं गराज दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. रांगणारं बाळ जमिनीलगतच असतं गं.

तुझं गराज पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. संध्याकाळचं तिरपं ऊन थेट डोळ्यात शिरलं की त्याला समोरचा किरण दिसत नाही आणि दार बंदच होत नाही. दोन डोळ्यांपैकी एक किरण सोडतो, दुसरा घेतो. घेणारा डोळा ज्या बाजूला सावली राहते तिकडे बसवून घ्यायचा. बसवणाऱ्याला आधीच सांगितलंस तर पाच मिनिटांचं काम, नंतर सांगितलंस तर वेगळी फेरी आणि तिचे वेगळे पैसे.

डोळ्यांच्या जोडीला दुसरी सोयही असते. दार कशाला टेकलं तर दोन सेकंदांच्या आत त्याने उलट फिरायला हवं. याची परीक्षा सोपी आहे. दोन बाय चारची लाकडी फळी दाराच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेव आणि बटण दाब. दार फळीला टेकून लगेच वर गेलं पाहिजे. फळी दाबत बसलं तर मोटरचा जोर जास्त लावून ठेवलाय, तो कमी करून घे. ही परीक्षा बसवणारा निघून जायच्या आधी, त्याच्या देखत घे, आणि पुढे दर महिन्याला घेत जा. कंपन्यांच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, ती पुस्तिका मात्र ड्रॉवरमध्ये पडून राहते.

बरं, आता तुझा प्रश्न. चेन की बेल्ट?

तुझ्या घरात गराजच्या बरोबर वर बाळाची खोली आहे. मग बेल्ट. यात मला काही विचार करावासा वाटत नाही. चेनचा ओपनर दणकट आणि स्वस्त असतो, गराज घरापासून वेगळं असतं तर मी तोच घे म्हटलं असतं. पण चेन खडखडते, आणि तो खडखडाट छताच्या तुळयांमधून वरच्या खोलीत जातो. जावईबापू सकाळी पाचला ट्रेन धरायला निघतात, तेव्हा पाळण्यातलं पोर उठलंच म्हणून समज. बेल्ट रबराचा असतो, आत पोलादी धागे असतात, तो दोन गाड्यांचं दारही आरामात ओढतो. चेन आणि बेल्टच्या किमतीत फार अंतर नाही, वर्षानुवर्षांच्या झोपेपुढे तर ते काहीच नाही. त्यातही डीसी मोटरचा घे. ती सुरू होताना आणि थांबताना हळू होते, त्यामुळे दाराला झटका बसत नाही. मोटर टांगताना पट्ट्यांमध्ये रबरी तुकडे घालायला सांग आणि दाराचे जुने लोखंडी रोलर काढून नायलॉनचे बसव. निम्मा आवाज मोटरचा नसतो, रोलरचा असतो.

तिसरा फोटो पाठवलास तो भिंतीवरचा. तो छताला न लटकता दाराच्या बाजूला, वरच्या दांड्यालाच जोडतात. सगळ्यांत शांत तोच, छतही मोकळं राहतं, दाराला आतून कडीही बसते. पण त्याला वरच्या दांड्यावर पिळलेली स्प्रिंगच लागते, बाजूच्या लांब स्प्रिंगांवर तो चालत नाही, दाराशेजारी पुरेशी जागा लागते आणि पैसेही बरेच जास्त पडतात. छताखाली सामान ठेवायला फळ्या मारायच्या असतील तरच त्याचा विचार कर. स्क्रूवर चालणारा एक प्रकार असतो, त्याच्या दांड्याचं ग्रीस थंडीत घट्ट होतं. शिकागोच्या जानेवारीत तो नको.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर जाऊ नकोस. साध्या स्टीलच्या दाराला अर्धा पुरतो, तुझ्या रुंद दाराला पाऊण घे, म्हणजे मोटर निवांत चालेल. सव्वा हॉर्सपॉवरचा फोटो पाठवलास, तेवढा जोर लाकडी, खूप जड दारांसाठी. दार नीट तोललेलं असेल तर त्या जादा जोराला कामच नाही.

कंपन्यांमध्येही फार अडकू नकोस. लिफ्टमास्टर आणि चेंबरलेन ही दोन वेगळी नावं दिसतात, पण दोन्ही एकाच घरची. मुख्य कचेरी ओकब्रुकला, म्हणजे तुमच्या नेपरव्हिलपासून जवळच. चेंबरलेन मोठ्या दुकानांत मिळतो, लिफ्टमास्टर बहुतेक दार बसवणाऱ्यांकडून येतो. जिनी हे तिसरं जुनं नाव, तेही चांगलं आहे. ज्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस तुझ्या गावात सहज मिळतो, ते घे.

बॅटरी बॅकअपबद्दल मात्र मी हट्टच धरणार आहे. तुझ्या फोटोंतल्या सगळ्यांत स्वस्त ओपनरला तो नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि काही माणसं, त्यांतही वयस्कर माणसं, गराजचं दार उघडता न आल्याने अडकली. त्यानंतर तिथे कायदा झाला, १ जुलै २०१९ पासून नव्या ओपनरला बॅटरी असणं सक्तीचं. इलिनॉयमध्ये सक्ती नाही. पण वादळ झालं, तारांवर बर्फ साचून त्या तुटल्या, की तुमच्याकडेही तासन्‌तास वीज जाते. अशा वेळी तू ऑफिसात आणि घरात फक्त आई-बाबा असतील तर? बॅटरी असली की वीज गेल्यावरही दार काही वेळा उघडता-मिटता येतं. ती दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, बदलायची वेळ झाली की ओपनर पीं-पीं करून सांगतो. त्या आवाजाला कंटाळून बॅटरी काढून टाकू नकोस.

आई-बाबांचा विषय निघालाच आहे तर तोच बोलू, कारण ओपनर निवडताना तुझ्या डोळ्यांसमोर मला तेच हवे आहेत. उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी येतील. तू म्हणशील त्यांना गाडी चालवायचीच नाही, मग गराजशी काय संबंध? अगं, आपल्या घरांत पुढच्या दारातून येतं कोण? हळदीकुंकवाला आलेल्या बायका आणि पार्सलवाला. घरचं माणूस गराजमधूनच येतं, चपला तिथेच काढतं. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणार, ते तिथूनच. किल्ली खिशात ठेवायची त्यांना सवय आहे, पण पुढच्या दाराचं ते डेडबोल्ट बाहेरून उघडताना त्यांची बोटं दुखतात हे तूही बघितलंयस.

म्हणून दाराच्या बाहेरच्या चौकटीवर कीपॅड बसव. आकडे मोठे आणि उजेड देणारे असतील असा बघ, कारण हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. चार आकड्यांचा कोड त्यांना लक्षात राहील असा ठेव, पण घर नंबर नको, बाळाची जन्मतारीखही नको. त्या दोन गोष्टी अख्ख्या गल्लीला माहीत असतात. पुण्याच्या जुन्या लँडलाइनचे शेवटचे चार आकडे बाबांना झोपेतही आठवतील. साफसफाईला येणाऱ्या बाईला वेगळा, तात्पुरता कोड देता येतो, घरच्यांचा तिला द्यायचा नाही.

आतल्या भिंतीवरचं बटण जमिनीपासून पाच फुटांवर लावायचं असतं, मुलांचा हात पोचू नये म्हणून, आणि जिथून दार दिसतं तिथेच. आईचा हात तिथवर नीट पोचतो की नाही तेही डोळ्यांसमोर आण. ती आल्यावर तिला बटण दाखव, आणि लाल दोरीही दाखव. फोनवर सांगून नाही चालणार. तिच्या हाताने एकदा ओढू दे, दार एकदा उचलू दे. दार बंद असतानाच ओढायची, हे दोनदा सांग. आणखी एक छोटी युक्ती दोघांनाही शिकवून ठेव. डोळ्यासमोर पान अडकलं किंवा डोळा जरा हलला तर ओपनरचा दिवा लुकलुकतो आणि दार अर्ध्यातून परत वर जातं. अशा वेळी बाबा पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतील आणि मग तुला मीटिंगमध्ये फोन येईल. आधी डोळे पुसायचे, समोरचं सामान सरकवायचं. तरीही झालं नाही तर दाराखाली कोणी नाही हे बघून भिंतीवरचं बटण दाबूनच धरायचं, दार पूर्ण खाली टेकेपर्यंत सोडायचं नाही. मग ते बंद होतं.

आणि ॲपवरून तू ऑफिसात बसून दार बंद करशील, तेव्हा दार खाली यायच्या आधी ओपनर काही सेकंद जोरात पीं-पीं करतो आणि दिवा उघडझाप करतो. तोही सुरक्षेचा नियमच आहे. आईला याची कल्पना दिली नाहीस तर ती दचकून शेजाऱ्यांकडे जाईल.

ॲप हवं का, तर हो, हवं. फोनवरून दार उघडण्याची हौस म्हणून नाही. हायवेला लागल्यावर अर्ध्या रस्त्यात मनात येतं ना, दार लावलं की नाही? त्यासाठी. दहा मिनिटं दार उघडं राहिलं तर फोनवर कळवायला लाव. गराजमधून घरात येणारं दार आपण बहुतेक वेळा कुलूपच लावत नाही, म्हणजे गराज उघडं राहिलं तर घरच उघडं राहिलं. तेही दार रोज लावायची सवय आत्तापासूनच लाव. जावईबापूंना घरातली सगळी यंत्रं एका जागेवरून चालवायची आवड आहे, तर त्यांना सांग की २०२३ मध्ये चेंबरलेनने आपल्या मायक्यू ॲपशी बाहेरच्यांनी परवानगीशिवाय जोडलेले रस्ते बंद केले, आणि होम असिस्टंट वापरणाऱ्या पुष्कळ लोकांची मांडलेली घडी विस्कटली. त्यांना काय कशाशी जोडायचं आहे ते आधी ठरवू दे, आणि आज ते अधिकृतपणे चालतं का ते विकत घ्यायच्या आधी बघू दे.

रिमोटचा कोड दर वेळी बदलणारा आहे ना, एवढं बघितलंस की चोरीची निम्मी काळजी गेली. हल्लीच्या चांगल्या ओपनरना तो असतोच. तुझ्या जुन्यात बारीक पांढरे खटके असतील, ते वर-खाली करून कोड ठरवायचा, आणि मग तो कायमचा तोच. २०१५ मध्ये सॅमी कामकार नावाच्या सुरक्षातज्ज्ञाने मॅटेल कंपनीच्या एका खेळण्यात थोडे बदल करून असे न बदलणारे कोड दहा सेकंदांच्या आत शोधून दाखवले. मुलांचं खेळणं! जुन्याचा प्लग काढून ठेवायला आणखी एक कारण.

रिमोट गाडीच्या सनव्हायझरला अडकवून गाडी रात्री ड्राइव्हवेत सोडू नकोस. काच फोडली की घराची किल्ली हातात. किल्लीच्या जुडग्यात मावणारा छोटा रिमोट घे, किंवा गाडीतच बसवलेलं होमलिंकचं, म्हणजे रिमोटचं काम करणारं बटण असेल तर ते शिकवून ठेव. तुमची मोठी गाडी जुनी आहे, ती नव्या ओपनरशी सरळ बोलेलच असं नाही, मध्ये एक छोटी डबी लावावी लागू शकते. वर्ष आणि मॉडेल सांगून आधी विचार. ओपनरमध्ये दिवा लावताना गराज ओपनरसाठी असं लिहिलेलाच एलईडी घे. साध्या एलईडीमुळे कधी कधी रिमोटचा पल्ला कमी होतो आणि दोष बिचाऱ्या रिमोटला लागतो.

थंडीत एक होईल. दाराखालची रबरी पट्टी बर्फाने जमिनीला चिकटेल. बटण दाबलं, मोटर घुरघुरली आणि दार हललं नाही, तर पुन्हा पुन्हा दाबू नकोस. पट्टी फाटेल नाहीतर गिअर जाईल. लाल दोरी ओढ, प्लॅस्टिकच्या खरवडणीने बर्फ सोडव आणि मग उचल. गरम पाणी ओतू नकोस, ते तासाभरात पुन्हा गोठतं. नोव्हेंबरमध्येच त्या पट्टीवर सिलिकॉनचा फवारा मारून ठेवलास तर ही वेळ क्वचित येईल. त्याच दिवशी बिजागऱ्या आणि रोलरनाही मार, रुळांना मात्र नको, रूळ कोरड्या फडक्याने पुसायचे.

आणि थंडीचंच आणखी एक. गाडी गरम करायला गराजमध्ये चालू ठेवून आत यायचं नाही, दार उघडं असलं तरी नाही. वर बाळ झोपतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इलिनॉयमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत त्याचा अलार्म असायला हवा, २००७ पासून तसा कायदा आहे. बाळाच्या खोलीबाहेरचा चालू आहे का, बटण दाबून बघ, आणि त्याच्या मागे लिहिलेली तारीखही वाच. हे ओपनरचं काम नाही हे मला माहीत आहे, पण गराजबद्दल बोलताना हे न सांगता मला राहवणार नाही.

बसवायला कोण, ते तुम्ही ठरवा. जावईबापूंना हौस असेल तर एका मित्राला मदतीला घेऊन शनिवारी होईल. तीन गोष्टी आधी तयार हव्यात. छतावर मोटरजवळ प्लगची सोय हवी, एक्स्टेन्शन वायर ओढून चालणार नाही. दाराच्या वरच्या फळीला आतून लोखंडी पट्टीचा आधार हवा, नाहीतर मोटर ओढेल आणि पत्रा वाकेल. आणि जुनी पट्टी, जुनी वायर, जुनं बटण तसंच ठेवून नवी मोटर अडकवायची नाही, खोक्यातलं सगळं वापरायचं.

माणूस बोलावणार असाल तर दोघा-तिघांकडून लेखी कोटेशन घे. फोनवर सेवेची फी अगदी स्वस्त सांगतात आणि घरी आल्यावर रोलर, तारा, स्प्रिंगा सगळंच मोडकळीला आलंय म्हणून भीती घालतात, असे लोक या धंद्यात आहेत. कोणी तसं म्हणालं तर त्याच्यासमोर लाल दोरी ओढून दार उचलून दाखव आणि विचार, यात नेमकं काय बिघडलंय ते दाखवा. खरा कारागीर असेल तो दाखवेल. कोटेशनमध्ये ओपनर, मजुरी, जुना उतरवून घेऊन जाणं आणि कीपॅड, हे वेगवेगळं लिहून घे. वॉरंटीत मोटर, बेल्ट आणि बाकीचे भाग यांची मुदत वेगवेगळी असते, मोठा आकडा बहुतेक मोटरचाच असतो, तेव्हा उरलेलेही वाच.

कोटेशनं आली की मला पाठव. पण त्याआधी आज संध्याकाळी दार कमरेपर्यंत उचलल्यावर काय झालं, ते कळव.